दिवाळीतली ई

संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं, की मी उभा जन्म पिग्मी गोळा करण्यात घालवला. मग त्यांनी अदबीनं विचारलं, "म्हणजे आफ्रिकेतले ते बुटके लोक का हो?" मी म्हटलं, "नाही साहेब, कशेळ्यातले. काही चांगले उंचही आहेत." त्यांनी तिथल्या तिथं लेख मागितला. तेव्हा पुढं कुणाला जंगल आणि भाले सापडले नाहीत, तर तक्रार त्यांच्याकडे करावी.

पिग्मी म्हणजे रोजची बचत. पतसंस्थेचा माणूस रोज दुकानोदुकानी, टपरीटपरीवर फिरतो, जो जे देईल ते घेतो, पावती फाडतो आणि संध्याकाळी सगळं संस्थेत भरतो. वर्ष भरलं की दुकानदाराला व्याजासकट एकगठ्ठा रक्कम मिळते. ज्याला पगार नाही त्याची ही पगारासारखी सोय. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही. पण रोज गल्ल्यापुढं हात पसरून एक माणूस उभा राहिला, तर उरतं. तो हात पसरलेला माणूस मी. त्या हातात दमडीही माझी नसायची. कमिशन तेवढं माझं, आणि उन्हानं भाजलेला चेहरा.

कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं कशेळं हे माझं ठाणं. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांची माणसं जीपा भरून बाजाराला उतरतात ते इथं. माझी फटफटी या रस्त्यावर इतकी मुरली होती, की मी वर डुलकी काढली तरी ती प्रत्येक टपरीपुढं आपोआप थांबायची. आणि ज्यानं काल पिग्मी चुकवली असेल त्याच्यापुढं जरा जास्त धूर सोडायची. खोटं वाटत असेल तर कशेळ्यात कुणालाही विचारा. तेही खोटंच सांगतील, पण माझ्या बाजूनं सांगतील.

हे काम पैशाचं आहे असं लोकांना वाटतं. खरं तर ते नाडी बघण्याचं आहे. शंभर देणारा पन्नासावर आला की समजावं, घरात दुखणं आहे. पन्नास देणारा एकदम पाचशे देऊ लागला की समजावं, कुठल्या तरी फार्महाऊसवाल्याला जमिनीचा तुकडा गेला. आता दारात गाडी येणार आणि गाडीच्या मागोमाग हप्ता येणार. हे सगळं कळायचं, आणि कळलेलं पोटात ठेवायचं. पिग्मीवाल्याचं पोट विहिरीसारखं असावं लागतं. माझं बाहेरूनही तसंच दिसतं, पण ते वडापावमुळे.

उदाहरण सांगतो. एसटी थांब्याजवळ गजाचं सलून. गजा रोज दाढीच्या फेसातला हात पुसून नोट काढायचा आणि कानाशी येऊन म्हणायचा, "दत्ताभाव, सुमनला कळू देऊ नका. कळलं तर ती फ्रीज मागंल." सुमन ही त्याची बायको, रस्त्याच्या पलीकडे भाजी घेऊन बसायची. मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेलो, की ती मेथीच्या जुडीखालून नोट काढायची आणि कुजबुजायची, "भावजी, ह्यांना सांगू नका हं. कळलं तर सलूनला गोल फिरनारी खुर्ची घेतील." दोघांची पिग्मी बरोबरीनं चालली होती, अगदी बैलजोडीसारखी, आणि मध्ये रस्ता. मी दोघांच्या पावत्या वेगवेगळ्या खिशात ठेवायचो. एकदा खिसे चुकता चुकता राहिले तेव्हा मला जो घाम फुटला, त्यात एक एकर भात पिकलं असतं.

आता येसूमावशी. या लेखाचं खरं गाठोडं तिचं आहे.

येसूमावशी सुकट आणि सुके बोंबील विकते. तिच्या मालाचा वास कडावपर्यंत जातो, आणि वारा बरा असला तर माथेरानचे घोडे शिंकतात. सगळं आयुष्य ती सलूनच्या कोपऱ्यावर जमिनीवर बसून विकत आली. उन्हात डोक्यावर टॉवेल, पावसात निळं प्लास्टिक. पावसाळ्यात ताजी मासळी मिळेनाशी झाली की तिचा धंदा जोरात, आणि नेमका तेव्हाच तिचा माल भिजायचा. त्यामुळे सलूनला लागून असलेला गाळा विकायला निघाला तेव्हा तिनं मला हाताला धरून तिथं नेलं आणि बंद दाराकडे बोट दाखवलं. "दत्ता, ह्यो मला पायजे. मरायच्या आदी मला एकदा कोरड्यात बसून बोंबील विकायचं हाय."

गाळ्याचा मालक पनवेलला मुलाकडे राहायला चालला होता. त्यानं तिला तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली. पलीकडे मुंबईचं एक गिऱ्हाईक टपून होतंच. त्याला तिथं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बर्गर विकायचे होते.

मावशीची संस्थेत एक मुदत ठेव होती, माझ्याच हातानं थेंबाथेंबानं जमलेली. मी तिला शाखेत घेऊन गेलो. आमचे शाखाधिकारी वैद्यसाहेब, कर्जतच्या जुन्या घरातले. माणूस सोन्यासारखा, पण बोलायचे ते छापील. म्हणाले, "आपली मुदत ठेव तारण राहील, उर्वरित स्थावर तारणावर, एका जामीनदारासह."

मावशी माझ्याकडे वळली. "ह्यो काय म्हनतो रं?"

"म्हणतो, तुझी ठेव जागेवर गप बसंल. गाळ्याचे कागद त्यांच्याकडे राहतील. बाकीचे पैसे संस्था देईल, आणि ते तू महिन्याच्या महिन्याला फेडायचे."

"म्हंजे माझी म्हस ह्यांच्या दावनीला, आन् दूध मी इकत घ्यायचं?"

"म्हशीला वैरण ते घालतात ना. ठेवीवर व्याज मिळतंय तुला."

"वैरन कमी घालतात आन् दूध म्हाग इकतात," मावशी म्हणाली.

वैद्यसाहेब इतके हसले की चष्मा टेबलावर पडला. मग त्यांनी कबूल केलं, की हो, दोन्ही व्याजांत जो फरक आहे त्यातच त्यांचा पगार, दिव्याचं बिल आणि माझं कमिशन आहे.

कर्ज द्यायच्या आधी मी तिच्याशेजारी बसून एकच हिशेब केला, जो मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो. हप्ता आपल्या चांगल्या महिन्यावरून ठरवायचा नसतो, सगळ्यात वाईट महिन्यावरून ठरवायचा. मावशीचा वाईट महिना कोणता, तर श्रावण. सगळं गाव सोवळं होतं, बोंबलाला कुणी हुंगत नाही. श्रावणात तिला जेवढा झेपेल तेवढाच हप्ता धरला. मुदत लांबली, व्याज थोडं जास्त जाणार होतं. पण झोप शाबूत.

जामीनदार म्हणून गजा आला. त्याला वाटलं, जामीन म्हणजे लग्नात साक्षीला सही करतात तसलं काहीतरी. निम्म्या भागाचा हाच समज. सही झाली, पेढा खाल्ला, घरी गेले. मी त्याला समजावलं, "बाबा, मावशीनं थकवलं तर संस्था तुझ्या दारात येणार. तुला भरावं लागेल." गजाचं पेन हवेत थांबलं. त्यानं खिडकीतून बाहेर बसलेल्या मावशीकडे पाहिलं. "पळून पळून कुटं जानार? गुडघं दुखतात तिचं," म्हणाला आणि सही ठोकली.

मंजुरी झाली. पैसे दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळणार होते. मावशीनं गाळ्यापुढं रोज झाडलोट सुरू केली.

आणि मग तो फ्लेक्स आला.

दरवर्षी दिवाळीला आमची संस्था दारावर फ्लेक्स लावते. त्यावर संचालक मंडळ हात जोडून हसत असतं, कोपऱ्यात आकाशकंदील, आणि खाली सुट्टीची सूचना. फ्लेक्स कर्जतच्या बंटीनं बनवला. छापण्याआधी त्यानं नमुना सगळ्यांच्या फोनवर पाठवला होता. प्रत्येक संचालकानं त्यात आपापला फोटो तपासला. अध्यक्षांनी आपला फोटो उपाध्यक्षांपेक्षा मोठा आहे ना, हे पट्टी लावून बघितलं, असं म्हणतात. वैद्यसाहेबांनी तारखा तपासल्या. अक्षरं कुणीच वाचली नाहीत, कारण दिवाळीच्या फ्लेक्सवर काय लिहिलेलं असतं ते सगळ्यांना पाठ असतं.

फ्लेक्सवर लिहिलं होतं: "दिवाळेनिमित्त सर्व सभासद व ठेवीदारांना हार्दिक शुभेच्छा. संस्था तीन दिवस बंद राहील."

वर सगळं संचालक मंडळ हसतंय.

मला हे कळलं ते गजाच्या सलूनमध्ये. मी सकाळी पिग्मीसाठी हात पुढं केला. गजानं नोटेऐवजी फोन पुढं केला. त्यावर फ्लेक्सचा फोटो, आणि खाली नेरळपासून लोधिवलीपर्यंतच्या लोकांनी घातलेली भर.

"दत्ताभाव, तुमी कदी पळताय?" गजानं विचारलं.

"कुठं पळू?"

"म्यानेजर तर काल रातच्यालाच दुबईला गेला म्हनं."

मी काचेतून बाहेर पाहिलं. मॅनेजर, म्हणजे आमचे वैद्यसाहेब, त्या क्षणी समोरच्या टपरीवर बशीत ओतून चहा पीत होते. मी गजाला बोट करून दाखवलं. गजा म्हणाला, "मंग इमान चुकलं आसंल."

हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्या बाजूला पूर्वी एक संस्था खरोखरच बसली होती. त्यात पोळलेली माणसं अजून तो विषय निघाला की आवाज खाली आणून बोलतात. आमच्या संस्थेच्या नावातलं "पत" ही दोन अक्षरं जमवायला वर्षं गेली होती, आणि ती जायला एक फोटो पुरला.

शाखेपुढं रांग लागली होती. किती मोठी म्हणाल? तिचं तोंड आमच्या खिडकीशी होतं आणि शेपूट मुरबाडात. मधल्या गावांतली माणसं रांगेत उभं राहून आपापल्या घरी जेवून येत होती. बरं, एवढी नसेल. पण एसटी वळवायला जागा नव्हती हे खरं.

आणि रांगेत सगळ्यात पुढं येसूमावशी.

वैद्यसाहेबांनी फ्लेक्सकडे पाहिलं, आणि त्या माणसाच्या तोंडचा चहाचा रंग उतरला. त्यांनी बंटीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करून. बंटी पलीकडून रडकुंडीला आलेला. "साहेब, मी इंग्लिश अक्षरांवर मराठी टाइप करतो. दिवाळीतली ळी म्हणजे मोठी ई. म्हणून मी इंग्लिश ई दाबला. आता ई दाबल्यावर मात्रा उमटते, वेलांटीला आय दाबावा लागतो, हे त्या मशीनला कळतं, मला कसं कळणार?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता चूक म्हनतात. घावल्यावर समदेच चूक म्हनतात."

ही पहिली फेरी आम्ही हरलो.

आत गेल्यावर वैद्यसाहेब घाम पुसत म्हणाले, "दत्ताराम, कर्जतच्या बँकेत आपली राखीव रक्कम आहे. फोन केलाय. कागद होऊन रोकड यायला दुपार होईल. तोवर शटर ओढून घेऊ."

मी शटरच्या साखळीला लोंबकळलोच. माझं वजन आणि ती साखळी, दोन्ही टिकली हा त्या दिवसाचा पहिला चमत्कार. "साहेब, हे शटर आत्ता खाली आलं तर परत कधी वर जाणार नाही. उघडं ठेवा. तिजोरी रिकामी झाली तरी खिडकी उघडी दिसली पाहिजे."

"मग काय करू?"

"सावकाश करा."

खिडकी उघडली. मावशीनं ठेवीची पावती आत सरकवली. "माझं पैसं द्या."

मी खिडकीच्या बाजूनं डोकं घातलं. "मावशी, तुझं तर कर्ज मंजूर झालंय. गाळा?"

"गाळा गेला चुलीत. आदी माझं पैसं. हायेत ना आत?"

इथं माझ्यातला शिक्षक जागा झाला. त्याला नको तेव्हा जागं व्हायची सवय आहे. मी छाती काढून सांगितलं, "तिजोरीत कशाला असतील? तिजोरीत ठेवले तर व्याज काय तिजोरी देणार? पैसा बाहेर फिरतोय. गिरणीवाल्याच्या नव्या जात्यात आहे, भाजीच्या टेंपोत आहे, केटरिंगवाल्याच्या पातेल्यांत आहे. ते फेडतात, त्यातनं तुम्हाला व्याज मिळतं."

शब्दन् शब्द खरा होता. आणि त्या दिवशी त्या रांगेला सांगण्यासारखी याहून वाईट गोष्ट दुसरी नव्हती.

"ऐका रं," मागून एक जण ओरडला, "पैसं नाय म्हनतो. पातेल्यात हाय म्हनतो." रांग पुढं लोटली. खिडकीची काच करकरली. वैद्यसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बोंबील असतो तर जागेवर सुकलो असतो.

फक्त मावशी हलली नाही. तिचा हात पावतीवरच होता. ती हळू आवाजात म्हणाली, "दत्ता, माझ्या गाळ्याचं पैसं मंग कुटनं येनार व्हतं?"

मी रांगेकडे हात केला. "ह्यांच्याकडनं."

मावशी वळली. तिनं सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. नवा माल आला की एकेक बोंबील उलटा करून बघते ना, तशी. मग परत माझ्याकडे. "आन् मी माझी ठेव मोडली तर?"

"कर्ज त्याच ठेवीवर मंजूर आहे. ठेव गेली की कर्ज गेलं."

"आन् ह्यांनी मोडल्या तर?"

"तर द्यायला काही उरणारच नाही. तिथं बर्गर येणार."

मावशीच्या तोंडावर त्या क्षणी काय आलं ते मी सांगू शकत नाही. मी पुढं नेहमी सांगत आलो, की मी तिला डोळा मारला आणि तिला इशारा कळला. मावशी म्हणते, मी कसला डोळा मारला नाही, माझ्या डोळ्यात घाम गेला होता. काही असो. तिनं पावती उचलली नाही. तिनं दोन्ही कोपरं खिडकीच्या फळीवर टेकली, पदर नीट खोचला, आणि एक गुडघा दुमडून दुसऱ्या पायावर भार दिला, म्हणजे बाजारात घासाघीस लांबणार असली की देते तसा.

"सायब," ती म्हणाली, "काढायच्या आदी मला माझं व्याज समजावून सांगा. सावकाश सांगा. मला घाई नाय."

"मुदतपूर्व परताव्याच्या बाबतीत," वैद्यसाहेबांनी सुरुवात केली.

"मराटीत."

वैद्यसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि मग त्या माणसानं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असं मराठी काढलं. "मावशी, तुम्ही वर्षाचा करार केलात आणि मध्येच मोडलात, तर ठरलेलं व्याज मिळणार नाही. कमी मिळेल."

"किती कमी?"

त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. मागच्यानं विचारलं, माझंही तसंच का? साहेबांनी त्यालाही सांगितलं. मावशीनं विचारलं, कर्ज घेतं कोण, ते बुडवत नाही कशावरून, बुडवलं तर काय. प्रत्येक उत्तराला तिचा पुढचा प्रश्न तयार. रांग आधी चिडली, मग कान टवकारून ऐकायला लागली. कारण हे सगळ्यांना विचारायचं होतं आणि आजवर खिडकीपाशी कुणी थांबूच दिलं नव्हतं.

मग मागून एका म्हाताऱ्यानं मर्मावर बोट ठेवलं. "पर सायब, उद्या संस्था बुडाली तर आमचं पैसं कोन देनार?"

मी मनात म्हटलं, आता साहेब छापील बोलणार आणि आपण मरणार. वैद्यसाहेब उभे राहिले. खिडकीबाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. म्हणाले, "खरं सांगतो. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, तसा इथं नाही. म्हणून आपला सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नका. आमच्याकडेसुद्धा नाही. आणि दरवर्षी सभेला येता तेव्हा नुसतं जेवून जाऊ नका. ताळेबंद वाटतो, तो वाचा. नाही कळला तर मला उभं करून विचारा. आज विचारताय तसं."

माझं काळीज त्या पायरीवर पडलं आणि घरंगळत कडावला गेलं. रांग मोडायला निघालेल्या संस्थेचा मॅनेजर सांगतो, सगळा पैसा आमच्याकडे ठेवू नका. पण आश्चर्य असं, की रांग गप झाली. तो म्हातारा मान हलवत म्हणाला, "आता खरं बोलतोय." लोक इतक्या वर्षांत इतकं गोड ऐकून बसले होते, की एक कडू वाक्य त्यांना औषधासारखं लागलं.

त्या शांततेत मागून एक आवाज आला.

"सुमे? तू हितं काय करतीस?"

गजा. आणि त्याच्यापुढं चार माणसं सोडून, भाजीची पाटी टाकून आलेली सुमन.

"तुमी काय करताय?" सुमन म्हणाली.

"मी... दत्ताभावला भेटायला आलो."

"रांगेत?"

"आन् तू?"

"मी पन दत्ताभावजींनाच."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या रांगेनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन्ही खिशांतल्या पावत्या एकदम उबदार झाल्या. सुमनच्या लक्षात आधी आलं. "म्हंजे खुर्चीसाटी का?" "म्हंजे फ्रीजसाटी का?" आणि मग जी जुंपली, ती ऐकायला शेपटाकडची माणसंसुद्धा रांग सोडून पुढं आली. लोक हसायला लागले. हसणारा माणूस पळत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याचे पाय सैल पडतात.

मावशीनं खिडकीतूनच गजाला हाक मारली. "गजा, मेल्या, माझ्या कर्जाला जामीन तू, आन् माझ्या कर्जाचा पैसा काडून न्यायला बी तूच? एका हातानं सही करतोस आन् दुसऱ्यानं फळी वडतोस व्हय रं?"

गजानं खाली मान घातली. तो शोधत होता की यातला कोणता अपराध आधी कबूल करावा.

एवढ्यात कर्जतहून जीप आली. शिपायानं खांद्यावर लोखंडी पेटी घेतली, आणि मी तिच्यापुढं "वाट द्या, वाट द्या" करत नाचत चाललो, देवाच्या पालखीपुढं नाचावं तसा. पेटी रिकामी असती तरी मी तेवढाच नाचलो असतो. पण होती भरलेली. वैद्यसाहेब म्हणाले, "ज्यांना काढायचे त्यांनी काढा. कुणाला अडवणार नाही."

आता सगळ्यांची नजर मावशीवर, कारण पहिला नंबर तिचा. मावशीनं पावती उचलली, घडी घालून कमरेला खोचली आणि म्हणाली, "मला आज नाय काडायचं. पिशवी आनायची इसरले."

काही जणांनी काढले. का काढू नयेत, त्यांचे होते. बरेच घरी गेले. ज्यांनी काढले होते, त्यांतले काही भाऊबीज झाल्यावर लाजत लाजत परत भरायला आले. मी त्यांना चहा पाजला आणि गमावलेल्या व्याजाचा आकडा चहासोबत बिस्किटासारखा दिला. गजा-सुमननं सामंजस्यानं आधी फ्रीज घेतला. म्हणजे सुमननं घेतला आणि गजानं सामंजस्य दाखवलं. खुर्ची पुढच्या वर्षी आली. तिच्यात बसून मी पहिली दाढी केली आणि इतका गोल फिरलो की अजून कधी कधी रस्ता तिरका दिसतो.

तुळशीच्या लग्नाआधी गाळा मावशीच्या नावावर झाला. बर्गरवाला कुठं गेला ठाऊक नाही. पण मावशीचे बोंबील आता मुंबईचे पाहुणेच गाडीच्या काचा बंद करून पिशव्या भरून नेतात.

मी निवृत्त झालो. पिग्मी आता अर्धी फोनवरच जाते, आणि ते सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण फोनला नाडी कळत नाही. फोनवरच कर्ज देणारेही आलेत. बोट दाबलं की पैसे, आणि चुकलं की साऱ्या नातेवाइकांना शिव्या. ते घेणारी पोरं मला भेटतात तेव्हा मी विचारतो, तुझा वाईट महिना कोणता ते त्यानं विचारलं का? ती हसतात. मला तेवढं हसता येत नाही. पण मग मी मावशीच्या गाळ्यात जाऊन बसतो, म्हणजे बरं वाटतं.

गाळ्याचा पत्रा एका कोपऱ्यात गळत होता. तिथं मावशीनं आतून तो फ्लेक्स ताणून बांधलाय. संस्थेनं काढून टाकला, तो तिनं उचलून आणला. सगळं संचालक मंडळ छताला हात जोडून खाली बोंबलांकडे बघत हसतंय. अध्यक्षांच्या नाकाला ओल आलीय. मी म्हटलं, "मावशी, रंग आणून ती मात्रा पुसून देतो, वेलांटी काढून देतो. लोक वाचतात."

"पानी गळतंय का त्यातनं?"

"नाही."

"मंग बस गप."

परवा श्रावणातच गेलो होतो. गाळ्यात गिऱ्हाईक नाही, मावशी कोरड्या जमिनीवर ऐसपैस बसलेली. निघताना तिनं डब्यातून नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या. श्रावणाचा हप्ता. आषाढातच बाजूला काढून ठेवलेला. "संस्थेकडं चाललायस ना, भर एवडा."

मी म्हटलं, "मावशी, मी आता कुणी नाही तिथला. निवृत्त माणसाच्या हातात पैसे देतेस?"

"तुज्यावर माझा पुरा भरवसा हाय रं," मावशी म्हणाली. मला भरून आलं. मी नोटा खिशात घातल्या आणि पायरी उतरलो.

"दत्ता," मागून हाक आली, "पावती आन."